पलीकडची रांग

नदीत फिरवणाऱ्या बोटीसाठी रांग लागली होती. शिक्षिकाबाईंच्या पुढे पिकल्या केसांचं एक जोडपं उभं होतं. बाईंनी पुस्तक उघडलं होतं खरं, पण कान काही केल्या मिटत नव्हते.

"ही रांग हलतच नाही. त्यापेक्षा रोपवेला जाऊ."

"सकाळी रोपवेच्याच रांगेत होतो आपण. नंबर आला आणि तुम्हाला धबधब्याची रांग दिसली."

"ती भराभर सरकत होती."

"तिथे नंबर आला तेव्हा झुलत्या पुलाची दिसली. अख्खं खोरं पालथं घातलं आणि पाहिलं काय? लोकांच्या पाठी!"

"तू उगाच चिडतेस. थांब, मी नुसता बघून येतो."

"अहो, पुढे दोनच माणसं आहेत! अहो!"

गृहस्थ गेलेसुद्धा. जरा वेळाने त्यांच्या बायकोचा फोन वाजला. त्यांचा आवाज बाईंनाही स्वच्छ ऐकू येत होता.

"अगं, पळत ये! रोपवेला चिटपाखरूही नाही!"

"बंद झाला असेल."

"छे! थांब, बघतो... हो गं. तशी पाटी आहे."

"मग या आता परत."

"निघालोच. फक्त वाटेत त्या सायकलवाल्यांची रांग जरा..."

तिने फोन पर्समध्ये टाकला आणि ती तिकिटाच्या खिडकीशी गेली.

"शेवटची बोट आहे ही, काकू. किती तिकिटं?"

"एक."

"आणि काका? तुमच्याबरोबर होते ना?"

"लग्न झाल्यापासून बरोबरच आहेत. तुम्ही एकच फाडा."