मधले दोन उन्हाळे

माहं माहेर ढाणकीकडचं, दिलं मले इकडं आर्णीच्या अंगाले, नाल्याकाठच्या या गावात, अन आल्या दिवसापासून वावरच, निंदन करा, कापूस येचा, दुसरं काय सांगू ताई तुम्हाले. लहानपनी आमच्या बुद्धविहारात बसून वाचाले शिकलती तेवढंच, म्हनून गावच्या पानी कमिटीत माहं नाव टाकलं. एक तरी बाई पाह्यजे होती ना त्यायले.

त्या वर्साईत कपाशीचं काही खरं नव्हतं, कवा अळी खाये, कवा पानी दगा दे, अन प्याच्या पान्याचेबी हालच. तशात एक संस्था आली, म्हने गावाले एकच काम भेटन, कोनतं ते तुम्हीच ठरवा, पन टिकन असं ठरवा. मानसायनं भरदुपारी मिटिंग घेतली अन बोअर ठरवून टाकला. येचनीचे दिवस ते. येचनारी बाई दुपारी वावर सोडून कशी येईन ताई, संध्याकायी कापूस वजन करते, जेवढा येचला तेवढीच मजुरी. एकबी बाई नव्हती तथी. मंग संस्थेच्या म्याडमनं मले इचारलं, तुम्ही होत्या का मिटिंगमंधी, अन माह्या तोंडून निंगून गेलं, नाई, मी वावरात होती.

झालं. म्याडम म्हने, पानी भरते त्या बायाच नाई तर हे ठरवनं कायचं, पुन्हा बसा. सारे माह्यावर उखडले, म्हने तुह्यापायी काम बाजूच्या गावाले जाईन. आमचे मालक तर माह्यासंग बोलेनात, भाकर वाढली का मुक्यानं खात. मले झोप ये ना. सारखं वाटे, खरंच काम गेलं तर गावात कोन्या तोंडानं राहाचं, पानी भराले हिरीवर कोन उभं करन मले.

बजाराच्या दिवशी कोनी येचाले जात नाई, म्हनून त्या दिवशी मिटिंग ठेवली. बाया धुतलेले लुगडे नेसून, थैल्या घेऊन आल्या, मांगं बसल्या, अन हयूहयू बोलाले लागल्या. आंधीचे बोअर आटले, हाबी आटन. नाल्यावर वरच्या अंगाले बंधारा घाला, पानी जिरन, हिरीले येईन. म्याडम म्हने, बराबर हाये, पन बांधून हिरीले पानी चढाले दोन पावसाये लागतीन. तरी सारे हात बंधाऱ्याले वर झाले, माहाबी. तेवढ्यात माही सासू काठी टेकत उठली अन म्हने, तवरोक मी काय पिऊ?

ठरलं ना बाप्पा, म्हनून सारे बजाराले निंगून गेले.

मंग ते दोन उन्हाये, काय सांगू तुम्हाले. दूरच्या वावरातल्या हिरीवरून डोक्यावर पानी आना, तेबी गढूय. बुढी अर्धाच लोटा पिये. मी रागवू, आत्याबाई प्या ना पोटभर, तर म्हने तुही मान दुखत असन व. मले रडू ये. पह्यल्या पावसायात बंधाऱ्यात चिखलच दिसे, अन लोकं म्हनत, पाहा हिचा बंधारा. रोज सकायी चहाच्या आंधी मी जाऊन पाहो.

दुसऱ्या पावसायात भरला. आमच्या हिरीले पानी चढलं. मी भरला लोटा सासूच्या हाती देल्ला, तिनं सारा पेला, पदरानं तोंड पुसलं अन म्हने, काम चांगलं निवडलं तुम्ही. पन बंधाऱ्यासंग दोन उन्हाये टँकर मांगाचा होता, तेवढं काहून नाई सुचलं कोनाले?

म्या लोटा पुन्हा भरून तिच्या बाजूले ठेवला.

आता सासू नाई, कमिटीत माही सून हाये. सूर्याच्या उन्हावर चालनारा पंप घ्याचा का गावातलं पान्याचं तयं खोल कराचं, हे चालू हाये. मले इचारते, आई, हात कायले वर करू? म्या म्हनलं, तुले पटन त्याले कर, पन आंधी उठून इचारजो, काम होईपर्यंत म्हतारे मानसं पानी कुठून आनतीन. हासते ते, म्हने आई तुम्ही दरवेळी हेच सांगता. हासो बापा, सुखी राहो.

आज मिटिंगलेच गेली हाये, तुम्ही चहा घ्या ताई. माहं ध्यान सारं दाराकडं हाये. तिनं उठून इचारलं असन का नाई, तेवढंच कवापासून मनात चालू हाये माह्या.