वरून आलेली माती

— बंद आहे ना दार? मग बंदच राहणार, उगाच घंटा वाजवू नका. ओनोरे घरात नाही. कधी येईल? आता ते मी कसं सांगणार — मी शेजारीण, त्याची चौकीदार नाही. या, आत या, बाहेर वारा बोचतोय. वाईन इथंही मिळते. डोंगर तोच, वेल त्याच — त्याचा तुकडा वरचा, माझा खालचा. 'ग्रां क्रू', म्हणजे सगळ्यात वरचा दर्जा, दोघांच्याही बाटलीवर असतं, काळजी नको. बसा. गुजेर घ्या, सकाळी भाजलेत, चीज जरा जास्त पडलंय. आणि माझ्या हातांकडे असं बघू नका हो. अकरा खेपा झाल्यात आज, धुवायलासुद्धा उठवत नाही.

कसल्या म्हणजे? मातीच्या. पाऊस पडला की उतारावरची माती खाली येते — येणारच, ती काय विचारून येते? आणि आमच्या शाब्लीत रीत आहे, वरच्याची माती खालच्यानं ठेवून घ्यायची नाही. हिवाळ्यात वरचा टोपली घेऊन येतो, आपली माती भरतो, पाठीवर घेऊन चढतो, आणि खालच्यानं त्याला एक ग्लास द्यायचा. नदीपलीकडच्या त्या एका डोंगरावर सात जागा, सगळ्या शाब्लीत पहिल्या मानाच्या — तुम्ही लोक त्यांची नावं देवाच्या नावासारखी घेता — पण तो मान टोपलीतून वर न्यावा लागतो, हे कुठं छापतात? आता यंत्रं आहेत म्हणे. आमच्या चढावर यंत्र उलटतं. त्र्याहत्तर वर्षांची पाठ उलटत नाही, नुसती दुखते.

नाही, माती माझी नाही. त्याचीच. ओनोरेची. — बरं, भाऊ आहे तो माझा. सख्खा. मघाशी शेजारी म्हटलं तेही खोटं नाही, मधे भिंत एकच आहे. वडील गेले तेव्हा टोपीत चिठ्ठ्या टाकल्या; त्याला वरचा भाग आला, मला खालचा. तिथपर्यंत सगळं गोडीगुलाबीनं. मग एका मे महिन्यात असा पाऊस कोसळला, की त्याचा अर्धा तुकडा माझ्या ओळींत येऊन पडला. जानेवारीत तो टोपली घेऊन आला — आणि नेमकं त्याच सकाळी कॅफेत चारचौघांत म्हणाला होता, 'सोलांजला वेलीतलं काय कळतं, ती खालीच बरी.' मला ते तासाभरात कळलं. गाव केवढंसं! मी ओळीच्या तोंडाशी उभी राहिले. म्हटलं, माझ्या हद्दीत पडलं ते माझं.  तो बोलला असता तर बरं झालं असतं, भांडून मोकळे झालो असतो. टोपली तिथंच ठेवली आणि गेला. बावीस वर्षं झाली. त्याची बायको गेली तेव्हा मी चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसले, आणि सगळ्यांच्या आधी निघून आले.

आणि मिळालं काय मला? चाखा ना, चाखा. गोल लागते, सुस्त — खरं बोला, तोंडदेखलं नको. वेलीला जास्त माती झाली की ती आळसावते. त्याच्या वेलींची मुळं उघडी पडली, दगड धरून जगल्या, आणि त्याची वाईन — सुरीसारखी. मला कसं माहीत? ऑसेर शहरातल्या दुकानातून आणते मी. दर वर्षी एक. कागदात गुंडाळून. — हे कुणाला सांगायची गरज नाही.

पण मुळं किती दिवस उघडी राहणार? गेल्या वर्षी दोन ओळी वाळल्या. त्याचे गुडघे गेलेत, आणि टोपली माझ्याकडे — ती बघा, खुंटीवर. सोमवारी त्याला अँब्युलन्समधून नेलं. ऑसेरलाच. हृदय. त्याची मुलगी माएल फोनवर म्हणाली, 'आत्या, बाबा तुमच्याबद्दल विचारतात.' मी म्हटलं, काम आहे. तेव्हापासून वाहतेय. वरची एक ओळ राहिलीय, ती झाली की जाईन म्हणते. रिकाम्या हातानं जाऊन बोलू काय त्याच्याशी? मला नाही येत ते. आज माएलचा पुन्हा फोन आला. पोरगी नुसती रडली.

तुम्ही परत कुठून जाणार? — ऑसेरवरून? वीस मिनिटांचा तर रस्ता. गाडीत जागा आहे? मग उठा. राहू दे तो ग्लास. बाटली नका घेऊ, ही काही चांगली नाही, त्याचं दार उघडेल तेव्हा या. ओळ राहिली तर राहू दे. माझा कोट द्या तो. — हात? नाही धुणार. मला तोंडानं काही सांगता यायचं नाही, त्याला माझी नखं बघू देत. चला, लवकर चला.