फॉर्म संपलेत, उद्या या

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या दूध संस्थेचे चेअरमन माननीय धैर्यशीलदादा, व्यासपीठावरील सर्व संचालक, आज सेवानिवृत्त होणारे आपले सचिव जोतीरामभाऊ, उद्यापासून त्यांच्या खुर्चीत बसणाऱ्या आदितीताई, आणि सकाळच्या धारा उरकून आलेल्या बंधू-भगिनींनो,

मला भाषणाची सवय नाही. दहावी दोनदा केली, मग टेम्पोवर हुबळी, गोवा, पार मंगळूर. तिथलं माशांचं बंदर बघण्यासारखं आहे. आम्ही जैन, मी नाक धरून लांबूनच बघितलं. ते राहू दे.

विषय जोतीरामभाऊंचा आहे. आणि तिसऱ्या रांगेत बसलेल्या माझ्या आजोबांचा, बापूसोआप्पांचा. आप्पांना विचारूनच बोलतोय. म्हणाले, "सांग की. पर फॅटचं खरं सांग."

तर खरं असं, की आप्पा तीस वर्षं रोज सकाळी डेअरीच्या खिडकीत दुधाच्या फॅटवरनं भाऊंशी भांडले. "सहा पॉइंट दोन? जोत्या, माझी म्हस पाणी देती व्हय रं?" मग आमची आजी, रत्नाबाई, गेली. आम्ही घरच्यांनी काय केलं? मायेनं आप्पांच्या हातातली दुधाची किटली काढून घेतली. "आता आराम करा." कसला आराम! माणूस दिवसदिवस भिंतीकडं तोंड करून पडून. आम्ही म्हणायचो, वय झालंय, चालायचंच.

एका सकाळी आप्पा आपणहून किटली घेऊन डेअरीत गेले. फॅट पाच पॉइंट चार लागली. आप्पा म्हणाले, "असंल." एवढंच. आणि म्हणाले, "जोतीराम, वारस नोंदीचा फॉर्म दे. माझ्या जागी अभिनंदनचं नाव लाव." अभिनंदन म्हणजे मी.

जोत्या नाही, जोतीराम! रांगेतल्या कुणालाच काही वाटलं नाही. वारस नोंद कोण करत नाही? भाऊंनी मात्र हातातलं पेन खाली ठेवलं. ड्रॉवरमध्ये फॉर्मचा गठ्ठा होता. भाऊ म्हणाले, "फॉर्म संपलेत, आप्पा. उद्या या. आणि तुम्हीच या, सही सभासदाचीच लागती."

मला हुबळीला भाऊंचा फोन आला. एवढा दणक्या आवाजाचा माणूस हळू बोलत होता. "अभिनंदन, माघारी ये. फवारणीच्या औषधांच्या खोलीला कुलूप लावून घेतलंय. किल्ली तुझ्याजवळ ठेवायची." मी टेम्पो मालकाच्या दारात लावला आणि एसटी धरली. कागल येईस्तोवर घरी फोन लावायचं धाडस झालं नाही.

पोचलो तर भाऊ आमच्या घरी, सोप्यात आप्पांजवळ बसलेले. त्यांनी सरळ विचारलं, "आप्पा, जगायचा कंटाळा आलाय काय?" आप्पांनी होय म्हणून मान हलवली. आम्ही घरात असून हे कधी विचारलं नव्हतं. भाऊंनी मन रमवा, देवाला जा, असलं काही सांगितलं नाही. म्हणाले, "मग दवाखान्यात जाऊया. मी येतो संगं."

कोल्हापुरात मनाच्या डॉक्टरांकडं गेलो. गोळ्या सुरू झाल्या. पहिले तीन आठवडे काही फरक नाही. घरात सगळ्यांची नजर त्या कुलपावर. आणि रोज सकाळी खिडकीत, "आला काय फॉर्म?" "न्हाय आप्पा. उद्या या."

चौतिसाव्या दिवशी मी डेअरीच्या पायरीवर चहा पीत होतो. आतनं आवाज आला, "जोत्या, मशीन कधी धुतोस का न्हाय रं?" माझा निम्मा चहा पँटीवर सांडला.

पण हे संपलेलं नाही. भाऊंची निवृत्ती ठरली आणि आप्पा दोन दिवस जेवले नाहीत. परवा मला म्हणाले, "जोत्या गेल्यावर फॉर्म कुणाकडं मागायचा?" मी म्हटलं, आप्पा, फॉर्म कधी संपलेच नव्हते. म्हणाले, "मला येडा समजतोस व्हय? गठ्ठा दिसायचा की. पर उद्या या म्हणणारं कोण तरी हुतं, म्हणून जात हुतो."

म्हणून आदितीताई, सगळ्यांसमोर विचारतो. उद्या साडेसहाला किटली आप्पांच्याच हातात असेल. मी मागं उभा असेन, टेम्पो सोडलाय. दवाखाना, गोळ्या माझ्याकडं. पण खिडकी तुमची. आप्पांनी फॉर्म मागितला तर काय सांगाल?

मोठ्यानं सांगा ताई, त्यांना कमी ऐकू येतं.

ऐकलंत, आप्पा? संपलेत म्हणतात. उद्या जायला लागतंय.

भाऊ, तुमचे आभार कुठल्या मापानं मोजू? आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, ऋणी आहे. बोलण्यात कुठं उणं पडलं असेल, कुणाचं मन दुखलं असेल, तर पोरगं अर्धवट शिकलंय म्हणून पोटात घाला. आणि फॅट कमी लागली असेल तर दोष मशीनला द्या. आप्पा उद्या तेच करणार आहेत.

नमस्कार.