एका तराजूतल्या दोन बहिणी

मंडळी, भर उन्हाचे आलात, बसलात. भाचीच्या बाराव्याला मामानं उभं राहून बोलावं, ही पाळी कुणावर येऊ नये. मी शाळा फार शिकलेलो नाही. डोळ्यांनी पाहिलं तेवढंच सांगतो.

दुर्गा आणि काशी, पापडी गावच्या माझ्या बहिणीच्या जुळ्या मुली. चेहरा एक, आवाज एक, गालावरची खळीसुद्धा एक. लग्नं ठरली तेव्हा केळीचे घड तोलायच्या मोठ्या तराजूत दोघी थट्टेनं बसल्या. "मामा, काशीनं श्वास धरलाय, हलकी भरायला!" दुर्गा ओरडली. "आणि तू मघाशी दोन लाडू खाल्लेस ते?" काशी म्हणाली. काटा मधोमध उभा राहिला. तसूभर हलला नाही.

मग काशी गिरीजला सासरी गेली, दुर्गा इथं निर्मळला. काशीला तिची सासू एका ताटात घेऊन जेवते. आणि दुर्गा? आधी पुरुष, मग पोरं, मग वाडीतले गडी, मग सासू, मग दुर्गा. एकदा मी आलो तेव्हा उन्हं कलली होती. "जेवलीस का गं?" "आता बसतेच, मामा." मी टोपलीत डोकावलो. नुसतं फडकं होतं. भाकरी नव्हती.

विहीणबाई म्हणाल्या, "आमची दुर्गा अंगानंच किरकोळ हो." आणि मी मान डोलावली! तो काटा पाहिलेल्या माणसानं मान डोलावली!

अंगानंच? मग ही काशी बघा, समोर बसलीय, चांगली भरल्या अंगाची. हिला काय दुसऱ्या आईनं जन्म दिला? हाड तेच, रक्त तेच. फरक पडला तो चुलीपाशी. तिसरं बाळंतपण आलं, तेव्हा दुर्गाच्या अंगात झुंजायला काही उरलंच नव्हतं. स्वराज्य आलं म्हणता? कुठवर आलं? ओटीपर्यंत! स्वयंपाकघरात कधी यायचं ते?

आणि मघाशी दुर्गाच्या सात वर्षांच्या सुमीकडे बघून कुणीतरी म्हणालं, "पोर आईच्याच अंगलटीवर गेली." खबरदार! हे वाक्य या घरात पुन्हा नको. त्या वाक्यानं एक पोर गिळलीय.

आता उभे राहू या. थोडा वेळ कुणी काही बोलू नका. त्यानंतर पंगत आहे. पहिलं पान सुमीचं. तिचं पोट भरेपर्यंत मी घास घेणार नाही, आणि कुठल्या पुरुषानं घेतलेला मला दिसता कामा नये.

दुर्गे, मामाचं चुकलं गं. उठा, मंडळी.