मोठ्यांवर मंडळाचा अधिकार नाही

...नाही, पण मले एक सांगा, त्या बाईनं चिडू नाही तर करावं काय? कामिनी ताकसांडे मॅडमचं सांगून राहिलो! आमच्या बाल न्याय मंडळाच्या न्यायाधीश. मी तिथला स्टेनो. त्या बोलतात, मी टाइप करतो, म्हणजे त्यांचा अर्धा वैताग माझ्याच बोटातून जाते, तुमाले सांगतो! तीन वर्षांआधी ही पोस्टिंग स्वतः मागून घेतली बाईनं. लेकरं सुधरवायची म्हणून! भिंतीले आकाशी रंग, कपाटात गोष्टीची पुस्तकं... अन् पोराले आरोपी म्हणायचं नाही बरं, 'विधिसंघर्षग्रस्त बालक' म्हणायचं! हे टाइप होईपर्यंत बालकाले मिशा फुटतात!

अन् येते कोण? काका चोरी शिकवते, बाप माल विकते, अन् समोर उभं चौदा वर्षांचं पोरगं. मॅडम कडाडतात, "ह्याच्या काकाला उभं करा आधी!" की आमचे सरकारी वकील गोपाळराव, आवाज असा लोण्यावानी, "मॅडम... मोठ्यांवर मंडळाचा अधिकार नाही."

रोजचं हेच! पण मोनालीच्या दिवशी हद्द झाली.

मोनाली म्हणजे प्रताप नगरची, दहावीतली, एवढीशी पोरगी. गुन्हा काय? तर स्कूलबस पळवली! आता ऐका. बोर्डाचा गणिताचा पेपर, सेंटर पार तिकडं सदर भागात, बसमध्ये बारा पोरी, अन् ड्रायव्हर रुपराव सकाळी सकाळीच पिऊन स्टेअरिंगवर डोकं ठेवून घोरून राहिला! पोरी रडून राहिल्या, शाळेत कोणी फोन उचलत नाही. हिचा बाप टेम्पोवाला, मैदानात हिले गाडी चालवायले शिकवलेलं. हिनं काय केलं, दोघीतिघींनी मिळून रुपरावले मागच्या सीटवर लोटलं, अन् निघाली! सीताबर्डीपर्यंत एक ओरखडा नाही! सापडली कशी? लाल सिग्नलले थांबली म्हणून! पोलिसाले संशयच आला ना... स्कूलबस, अन् थांबली?

अकरा पोरी पोलिसाच्या गाडीत सेंटरले पोचल्या. पेपर लिहिला. अन् हिले चौकीत बसवलं. हिचाच पेपर गेला!

मॅडमनं फाइल वाचली, चष्मा काढला. "ड्रायव्हर कुठे आहे?" रुपराव कोपऱ्यात हात जोडून, "मॅडम, तब्येत नरम होती." हेडमास्तर रुमालानं मान पुसत, "शाळेच्या प्रतिष्ठेचा प्रश्न आहे, आम्ही तिला काढून टाकतोय." "अहो, फोन काहून नाही उचलला तुम्ही?" तुमाले सांगतो, एरवी शुद्ध बोलणाऱ्या मॅडमच्या तोंडून 'काहून' निघालं की समजायचं पारा चढला! हेडमास्तर म्हणे, "प्रार्थना सुरू होती." मॅडम उठूनच उभ्या राहिल्या. "ह्या दोघांवर आदेश लिहा!" अन् मी बोटं उचलली, तर... गोपाळरावचं लोणी! "मॅडम, मोठ्यांवर मंडळाचा—"

"माहीत आहे मला!"

मग पोरगी हळूच म्हणते, "मॅडम, चूक झाली माझी. पण मग त्या दिवशी मी काय करायले पाहिजे होतं?"

मी वाट पाहून राहिलो, बोटं तशीच अधांतरी. मॅडमनं चष्मा परत घातला. अन् म्हणाल्या, "लिहा. बालिकेस समज देऊन सोडण्यात येत आहे." मग तिले जवळ घेऊन कानात म्हणे, "समज तुलाच आहे गं एकटीला." अन् हेडमास्तरले जाऊ दिलं नाही! समोर बसवून पुरवणी परीक्षेचा फॉर्म भरून घेतला, सहीसकट. अधिकार नव्हता. हेडमास्तरले कुठं माहीत होतं! अन् गोपाळराव पाहा, त्या दिवशी पहिल्यांदा पंख्याकडे पाहत गप्प बसले. जुलैत पोरीनं पेपर दिला, पास झाली.

पण मॅडम? मॅडमनं मोनालीले सोडलं त्याच संध्याकाळी बदलीचा अर्ज दिला. मीच टाइप केला. 'मला मोठ्यांचं कोर्ट द्यावं, विनंती.' एवढंच.

दोन महिन्यांनी उत्तर आलं. 'आपलं बालकांविषयीचं तळमळीचं काम पाहता, आपली मुदत आणखी दोन वर्षं वाढवण्यात येत आहे.'

मॅडमनं दोनदा वाचलं, घडी घालून पर्समध्ये टाकलं, अन् म्हणाल्या, "बोलवा पुढच्याला."

आता बोला! तीन वर्षांत त्या खोलीत एका तरी मोठ्या माणसाले शिक्षा झाली, तुमाले सांगतो... दोन वर्षं, सक्तमजुरी!