मोंढ्याच्या बोळीतली काच

मी, अमीरबी भ्र. चाँद बागवान, वय सत्तरीच्या पुढे (आधार कार्डावर चौसष्ट आहे, कार्ड माझ्यापेक्षा तरुण आहे), व्यवसाय फळविक्री, रा. बागवान गल्ली, हिवरपेठ, जि. बीड. मला लिहिता-वाचता येत नाही. आज बोलावल्यावरून पोलीस ठाण्यात येऊन हवालदार आदिनाथ साहेबांसमोर तोंडी सांगते ते असे की,

जुन्या मोंढ्यात नवीन बँकेच्या समोरच्या ओट्यावर माझी फळाची टोपली असते. लग्न होऊन आले तेव्हापासून मी तिथेच बसते. बँकेच्या जागी पूर्वी दोन अडत दुकाने होती व त्यांच्या मधून कापड लाइनीकडे जाणारी बोळ होती. हमाल लोक पोती घेऊन त्या बोळीतून जात. बँकेने दुकाने घेतली, बोळही घेतली. इमारत चांगली आहे. पुढून जमिनीपर्यंत काच, मागून काच, मधे गुळगुळीत फरशी. आत जायचे दार बाजूला आहे. समोरून पाहिले तर पलीकडची कापडाची दुकाने दिसतात, मधे काही आहे असे वाटत नाही.

मयत उत्तरेश्वर हा मोंढ्यातला हमाल. माझे त्याचे नाते काय, असे विचारले. नाते नाही. तो पोती उचलायचा, मी फळे विकायची, दोघे मिळून दिवसभर एकमेकांना टोचून बोलायचो. दिवाळीनंतर तो सून सुरेखा हिच्या टोळीबरोबर ऊसतोडीला कर्नाटकात गेला होता, लेकरांवर नजर ठेवायला. तो गेला तेव्हा बांधकामाला पत्रे होते व बोळीची एक कड चालू होती. परवा संध्याकाळी ते सगळे परत आले. काल बाजारचा दिवस, त्याचा कामाचा पहिला दिवस.

सकाळी तो ओट्यापाशी आला. म्हणाला, "भाभी, अजून हायस व्हय? मला वाटलं, गेलीस." मी म्हणाले, "तुला पोचवून मग जाणार हाय." तो हसला. असे बोलणे आमचे रोजचे होते. साहेब म्हणतात याची गरज नाही. लिहा.

तो दारू प्याला होता काय, असे विचारले. नाही. माझ्या हातातून केळ घेतले, तोंडाजवळ तोंड आणून बोलला. वास नव्हता. पिऊन तुरीचे पोते उचलत नाही कुणी. साहेबांनी न पिता उचलून पाहावे.

त्यानंतर रामेश्वर अडत्याच्या दुकानातून त्याच्या पाठीवर पोते दिले. पाठीवर पोते असलेला माणूस समोर बघू शकत नाही, पायाखाली बघतो. उंबरा दिसला की दुकान, नाही दिसला की वाट. मोंढ्यात सगळ्या दुकानांना उंबरे आहेत. बँकेला नाही. काचेवर कमरेएवढ्या उंचीला कर्जाची जाहिरात चिकटवलेली असे, तेवढी तरी खूण होती. बँकेचे मोठे साहेब येणार म्हणून ती आदल्या दिवशी काढली आणि काच पुसून लख्ख केली. उत्तरेश्वर जुन्या सवयीने बोळीत शिरला. मी हाक मारली. बाजाराच्या गलक्यात त्याला ऐकू गेली नाही.

काच काकडीच्या फोडीसारखी लांब लांब तुटून पडली. एक तुकडा मानेत गेला.

बँकेच्या साहेबांनी लेखी दिले आहे की, बोळ बंद केल्याच्या रागाने, दारूच्या नशेत, त्याने मुद्दाम पोते काचेवर घातले. हे खोटे आहे. राग होता. मलाही आहे. राग आलेला माणूस दगड मारतो, स्वतःची मान घालत नाही. तो कागद खरा धरला तर मेलेल्या माणसावर ठपका राहील आणि त्याच्या घरच्यांना बँकेसमोर तोंड उघडता येणार नाही. समोर बसून पाहणारी मी एकटी होते. सुरेखा बाहेर बाकावर बसली आहे.

तो लगेच गेला नाही. मी डोके मांडीवर घेतले, पदराने मान दाबली. पदर पुरला नाही. "भाभी, पोतं बाजूला वढा, तूर भिजंल," असे तो दोनदा म्हणाला. मग पाणी मागितले. बँकेचा पहारेकरी दार लावून आत उभा होता. गाडी येईपर्यंत आणखी काय बोलला, असे विचारले. ते माझ्यापाशी राहू द्या. घरच्यांना मी, पडल्या पडल्या गेला, त्याला काही कळले नाही, असे सांगितले आहे. हे त्यांना सांगू नये.

साहेबांनी इथपर्यंतचा जबाब मला वाचून दाखवला. त्यात "दारू प्याला होता किंवा कसे, सांगता येणार नाही" असे निघाले. मी तसे बोलले नव्हते. साहेब म्हणाले, "मावशी, एका वळीनं काय होतंय? अंगठा द्या आन् जावा घरी." मी म्हणाले, "काय होत न्हाई तर मग लिव्ह की, बाळा." ओळ बदलली, असे त्यांनी सांगितले. बदलली का ते मला कळणार कसे? ठाण्यातले वाचणारे सगळे त्यांचेच. हेही लिहा, नाहीतर अंगठा देत नाही.

सुरेखा सातवी शिकली आहे. तिला आत बोलवा, असे मी म्हणाले. साहेब हळू आवाजात म्हणाले, "मावशी, ती सगळंच वाचंल." ते मला माहीत होते.

सुरेखाने पहिल्यापासून मोठ्याने वाचले. दारूची ओळ आता बरोबर आहे. तूर भिजंल, तिथे ती थांबली. साहेब म्हणाले, "द्या, म्होरचं मी वाचतो." तिने कागद सोडला नाही. पाणी मागितले ते वाचले, पहारेकऱ्याचे वाचले, मी तिला काय सांगितले होते तेही वाचले. माझ्याकडे पाहिले नाही.

हा जबाब, शेवटच्या मजकुरासह, सुरेखाने वाचला व मी ऐकला. मी सांगितला तसाच तो उतरला आहे. माझा अंगठा झिजलेला असल्याने दोनदा उठला नाही. तिसऱ्यांदा तो सुरेखाने धरून दाबला.