कप म्हणजे रिप्ले

एप्रिलमधला बुधवार होता, कॉव्हेंट्रीत दुपारभर बारीक पाऊस. आमचा डॉक्टर शिरीष मला म्हणाला, "तू साक्षीदार. रविवारी मराठी मंडळाच्या जेवणाची पातेली ओलेग घासणार."

ओलेग त्याच्याच हॉस्पिटलातला रशियन भूलतज्ज्ञ. फुटबॉलच्या रशियन कपच्या उपांत्यपूर्व फेरीत त्याचा सैबेरियाचा क्लब होता, म्हणून शिरीषने मुद्दाम मॉस्कोवाल्यांवर पैज लावली होती. सैबेरियातली पहिली मॅच शून्य-शून्य झाली होती. आज मॉस्कोत दुसरी. ओलेग लॅपटॉपवरची रशियन कॉमेंटरी वाचून सांगत होता.

मॅच एक-एक अशी संपली. ओलेग निवांत चहा पिऊ लागला.

"ड्रॉ! आता रिप्ले, अख्खी मॅच पुन्हा खेळणार," शिरीष म्हणाला. "या रविवारी तू सुटलास."

"रिप्ले नसतो, शिरीष."

"अरे, वीस वर्षं कप बघतोय मी. ड्रॉ म्हणजे रिप्लेच!"

"तुमच्या इंग्लंडमध्ये. आमच्याकडे दोनच मॅच. बरोबरी झाली, तर परक्या मैदानावर जास्त गोल करणारा पुढे जातो."

शिरीष माझ्याकडे वळला. "आज मॅच कुठे होती?"

"मॉस्कोत," मी म्हटलं.

रविवारी मंडळाची सगळी पातेली शिरीषने घासली.